चांद्याच्या जमीनदारी मुलखातील भूमिसुधारणा : मालकी आणि निस्तार यांचा शंभर वर्षांचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

ज्या समाजात जमीन, पाणी आणि माणसाचे श्रम हे तिन्ही थोड्या घराण्यांच्या हाती एकवटलेले असतात, त्या समाजातही सुधारणा होतात. रस्ते होतात, शेतीची पद्धत सुधारते, कायदे होतात, प्रसंगी मताचा अधिकारही विस्तारतो. परंतु या सर्वांची मर्यादा कोठे पडते, हा सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचा मुख्य प्रश्न होय.

अमेरिकेतील यादवी युद्धापूर्वीचे व्हर्जिनिया राज्य हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १८३१ च्या ऑगस्टमध्ये नॅट टर्नर याच्या नेतृत्वाखाली गुलामांचा उठाव झाला, आणि १८३२ च्या प्रारंभी तेथील विधिमंडळात क्रमाक्रमाने गुलामगिरी नष्ट करावी की काय यावर उघड वादविवाद झाला. निर्णय मात्र झाला नाही. त्याच वर्षी एडमंड रफिन याने चुनखडीयुक्त मातीने झिजलेली जमीन सुपीक कशी करता येते हे दाखविणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि शेतीसुधारणेची एक चळवळच उभी राहिली. १८५१ च्या राज्यघटनेने सर्व गोऱ्या पुरुषांना मालमत्तेची अट न ठेवता मताचा अधिकार दिला, आणि त्याच घटनेने कोणत्याही गुलामास मुक्त करण्याची सत्ता विधिमंडळास राहणार नाही असेही लिहून ठेवले. जमीन सुधारली, मतदार वाढले, पण मालकीच्या मूळ प्रश्नास हात लागला नाही.

चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील, रयत ही गुलाम नव्हती. तेव्हा ही तुलना शब्दशः घेणे योग्य होणार नाही. परंतु सुधारणेची मर्यादा ठरविणारा प्रश्न दोन्हीकडे एकाच जातीचा आहे. १८५४ पासून १९५१ पर्यंत या मुलखात ज्या भूमिसुधारणा झाल्या, त्या प्रत्येकीने 'मालक कोण?' हा प्रश्न विचारला आणि त्याचे नवे उत्तर दिले. 'वापर कोणाचा?' हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी एखाद्या परिशिष्टात, सवलतीच्या कलमात अथवा रिवाजाच्या नोंदीत ढकलला गेला. या दुसऱ्या प्रश्नालाच येथील लोकभाषेत 'निस्तार' हे नाव आहे. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या परस्परसंबंधाचा मागोवा घेतला आहे.

२. गोंडकालीन व्यवस्था

मेजर ल्यूसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ मध्ये सादर केला. त्यात गोंड राजांविषयीच्या ज्या परंपरा नोंदविल्या आहेत, त्यांतील एक विशेष महत्त्वाची आहे. राजा हीरशहा याने असे जाहीर केले होते, की जो जंगल तोडून जमीन लागवडीस आणील त्यास ती जमीन मिळेल. आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्यात येईल. तलावाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या अशा जमिनीस 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहराच्या एका भागाच्या नावात हा शब्द अद्याप टिकून आहे.

परंपरेतील तपशील बाजूस ठेवला तरी तिच्यामागील तत्त्व स्पष्ट आहे. येथे हक्क हा श्रमातून आणि निर्मितीतून उत्पन्न होतो. पाणी निर्माण करणारा आणि जमीन धारण करणारा हे एकच असावेत, ही या व्यवस्थेची धारणा होती. वैनगंगेच्या दोन्ही अंगांस ब्रह्मपुरी, सिंदेवाही, गडचिरोली, आरमोरी या भागांत जी धानाची शेती वाढली, तिचा पाया हेच तलाव आणि बोड्या होत. या भागात पाऊस पुरेसा पडतो, परंतु तो वेळेवर पडेलच असे नाही. रोवणीनंतर आणि विशेषतः धान निसवण्याच्या सुमारास पाण्याचा खंड पडला तर पीक हातचे जाते. तलावाचे एक-दोन पाणी या नाजूक काळात मिळाले की बांधी तरते. म्हणून येथे तलाव हा शेतीचा अलंकार नसून तिचा विमा होता.

अर्थात ही व्यवस्था समतेची होती असे मानण्याचे कारण नाही. तलावाची पाळ रयतेच्या श्रमावर उभी राही आणि या श्रमाचा काही भाग वेठीचा असे. परंतु तलाव, शेत आणि लगतचे रान ही तिन्ही एका गावाच्या व्यवहारात गुंफलेली होती. त्यांचे तीन स्वतंत्र स्वामी नव्हते. पुढील शतकात झालेल्या सुधारणांनी मुख्यतः हा गोफ उकलला.

३. पाटलाचा मालगुजार

तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये मृत्यू पावले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली, आणि रिचर्ड टेंपल यांच्या कारकीर्दीत नव्या जमाबंदीचे काम वेगाने सुरू झाले. भोसल्यांच्या अमलात गावचा पाटील हा बहुधा ठरावीक मुदतीसाठी वसुलीचा मक्ता घेणारा होता. गाव त्याचे नव्हते. गावचा वसूल त्याच्याकडे होता. नव्या जमाबंदीने या पाटलास 'मालगुजार' म्हणून गावाचा मालक ठरविले. गावच्या अनुमानित उत्पन्नाचा सुमारे अर्धा भाग सरकारने घ्यावा आणि उरलेला मालगुजाराने ठेवावा, असे सामान्य सूत्र होते.

या निर्णयामागे एक निश्चित अर्थशास्त्रीय श्रद्धा होती. मालकीची शाश्वती मिळाली म्हणजे मालक आपल्या जमिनीत भांडवल घालील, तलाव दुरुस्त करील, नवी जमीन लागवडीस आणील, आणि त्या सुधारणेचा लाभ हळूहळू रयतेपर्यंत पोचेल, अशी ती श्रद्धा होय. काही मालगुजारांनी तलाव बांधले आणि वाढविले हे खरे आहे. मालगुजाराची सीर आणि खुदकाश्त जमीन बहुधा तलावाच्या जवळ असे. त्यामुळे पाळ फुटली तर पहिली हानी त्याची होई. तलावाची निगा आणि मालकाचा स्वार्थ यांची अशी सांगड होती, तोवर व्यवस्था चालली.

परंतु मालकी देताच तिच्याबरोबर विक्री, गहाण आणि जप्ती याही गोष्टी आल्या. पूर्वी पाटील कर्जबाजारी झाला तर त्याचा मक्ता जाई. आता गावच जाऊ लागले. अनेक गावे सावकारांच्या आणि परगावी राहणाऱ्या मालकांच्या हाती गेली. तलावाखाली ज्याची स्वतःची बांधी नाही, त्याला पाळीची काळजी असण्याचे कारण उरले नाही.

रयतेच्या संरक्षणाचे काम मागाहून आणि टप्प्याटप्प्याने झाले. जमाबंदीच्या वेळी जुन्या कुळांना अधिक सुरक्षित दर्जा देण्यात आला. पुढे १८८३ आणि १८९८ च्या कुळकायद्यांनी साध्या कुळांना काही संरक्षण दिले. १८९८ च्या कायद्याने त्यांचा खंड जमाबंदी अधिकाऱ्याने ठरविण्याची तरतूद केली. आणि १९२० च्या कायद्याने साध्या कुळांचा वेगळा वर्गच नाहीसा करून त्यांस भोगवट्याचे हक्क दिले. मालकी एका जमाबंदीत दिली गेली, आणि तिच्यावरील मर्यादा घालण्यास सुमारे साठ वर्षे लागली. या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ येऊन गेले. १९०१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६ लक्ष भरली. मागील दशकाच्या तुलनेत ही घट शेकडा चौदा-पंधराची होती. दुष्काळानंतर सरकारने स्वतः मोठी पाटबंधाऱ्यांची कामे हाती घेतली. आसोलामेंढा आणि घोडाझरी हे तलाव त्याच प्रयत्नाचे फळ होत. मालकीच्या शाश्वतीतून सिंचन आपोआप वाढेल ही मूळ श्रद्धा पुरेशी ठरली नाही, याची ही एक प्रकारे कबुलीच होती.

४. जमीनदारी मुलूख

वैनगंगेच्या पूर्वेस आणि दक्षिणेस परिस्थिती निराळी होती. तेथे अहेरी, धानोरा, रांगी, मुरुमगाव, कोटगल, पोटेगाव, झाडापापडा अशा वीसच्या सुमारास जमीनदाऱ्या होत्या. त्यांतील अहेरी ही सर्वांत विस्तीर्ण; तिचे क्षेत्र अडीच हजार चौरस मैलांहून अधिक होते. जमीनदार बहुतेक गोंड घराण्यांतील होते. जमीनदारी अविभाज्य मानली जाई, ती वडील मुलाकडे जाई, आणि सरकारला द्यावयाची रक्कम, जिला 'टाकोळी' म्हणत, ती उत्पन्नाच्या मानाने अल्प असे.

इंग्रजी सत्तेने हा मुलूख मोडला नाही, परंतु आपल्या सोयीने जरूर मांडला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि आरपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी उठाव केला. बाबूरावांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास फाशी देण्यात आले. त्यांना पकडून देण्यास साहाय्य केल्याबद्दल अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांस आरपल्ली आणि घोट या जमीनदाऱ्यांतील ६७ गावे बक्षीस मिळाली. ६७ गावे एका हातातून दुसऱ्या हातात गेली. त्या गावांतील माणसांचे रान, पाणी आणि वहिवाट यांचा विचार या व्यवहारात कोठेही नव्हता. मालकी ही राजकीय निष्ठेचे वेतन म्हणून देता येते, हे या घटनेने स्पष्ट केले.

जमीनदारी मुलखातील रयतेचे जीवन दोन गोष्टींनी बांधलेले होते. एक वेठ: जमीनदाराच्या शेतावर राबणे, अधिकाऱ्यांचे सामान वाहणे, घरे शाकारणे, रस्ते साफ करणे. दुसरी गोष्ट निस्तार: जळाऊ व इमारती लाकूड, बांबू, गवत, मोहफुले, चराई, मासे यांचा घरगुती वापर. या दोहोंचे परस्परांशी नाते होते. रयत वेठ देई आणि रानाचा वापर करी. वापर हा जणू वेठीचा मोबदला मानला जाई. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील आदिवासींच्या स्थितीची पाहणी १९४० नंतर केली, आणि तिचा अहवाल १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेठीचा प्रश्न त्यांनी गांभीर्याने घेतला आहे. तत्पूर्वी १९१६ मध्ये भूमिहस्तांतर कायदा झाला होता. परंतु त्याचा रोख मुख्यतः आदिवासी मालकांच्या जमिनी सावकारांपासून वाचविण्यावर होता. येथेही संरक्षणाची दृष्टी मालकावरच खिळलेली दिसते.

मालगुजारी गावांत निस्ताराची नोंद 'वाजिब-उल-अर्ज' या गावरिवाजाच्या पत्रकात होई. हा दस्तऐवज संशोधकांनी जितक्या बारकाईने वाचावयास हवा तितका वाचला जात नाही. कोणत्या रानातून कोणी किती लाकूड न्यावे, तलावाचे पाणी प्रथम कोणत्या बांध्यांस द्यावे, गुरे कोठे चारावीत, यांविषयीचे रिवाज त्यात आढळतात. खेवटीत मालकी आहे; वाजिब-उल-अर्जात जीवन आहे.

५. १९५१ चे निर्मूलन

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेश शासनाने मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा १९५० मध्ये केला. तो २६ जानेवारी १९५१ रोजी अमलात आला, आणि ३१ मार्च १९५१ या दिवसापासून जमीनदार व मालगुजार यांचे मालकी हक्क शासनाकडे विहित झाले. या कायद्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत अहेरीचे जमीनदार राजे विश्वेश्वरराव हे होते. सिरोंचा तहसिलीतील अहेरी जमीनदारीखेरीज गडचिरोली तहसिलीत त्यांची ८० मालगुजारी गावे होती. मध्यंतरी १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने असे कायदे संरक्षित केले होते. १९५२ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरविला. चांद्याच्या रानातील एका जमीनदारीचे नाव अशा रीतीने भारतीय घटनाशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेले. हेच विश्वेश्वरराव पुढे १९७७ मध्ये चंद्रपूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. मालकी गेली तरी घराण्याचे सामाजिक वजन गेले नाही, ही गोष्ट निर्मूलनाच्या परिणामांचा विचार करताना दृष्टीआड करता येत नाही.

कायद्याची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. निव्वळ उत्पन्नाच्या दसपट भरपाई मालकास मिळावयाची होती. लहान मालकांस पुनर्वसनाचे अनुदानही होते. घर, सीर-खुदकाश्त जमीन, तसेच ताब्यातील जमिनीवरील विहिरी व तलाव हे मालकाकडेच राहिले. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये वसाहतींतील गुलामगिरी नष्ट केली, तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई मालकांस मिळाली होती. ज्यांनी श्रम केले त्यांस काही मिळाले नाही. चांद्यात रयतेस जमिनीचा अधिक दृढ हक्क मिळाला, वेठ राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध झाली, ही मोठी आणि निर्विवाद प्राप्ती होय. परंतु हिशेबाची भाषा येथेही मालकाच्या तोट्याची होती. पिढ्यान् पिढ्यांची वेठ, किंवा पाळ बांधणाऱ्यांचे श्रम, हे भरपाईच्या कोणत्याही रकान्यात बसणारे नव्हते.

मालकी हस्तांतरित होत असताना खरा आर्थिक संघर्ष रानाच्या उत्पन्नावरून झाला. जमीनदार-मालगुजारांनी तेंदूपाने, लाकूड, लाख यांचे ठेके व्यापाऱ्यांस आधीच दिलेले होते. हे ठेके शासनावर बंधनकारक आहेत काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९५३ च्या छोटाभाई जेठाभाई पटेल यांच्या खटल्यात निकाल ठेकेदारांच्या बाजूने लागला. १९५९ मध्ये महादेव यांच्या खटल्यात न्यायालयाने ती भूमिका सोडली आणि मालकी हक्काबरोबर असे हक्कही संपुष्टात आल्याचे मानले. या वादात तीन पक्ष होते: जुना मालक, ठेकेदार आणि शासन. ज्यांच्या हातांनी तेंदूपाने तोडली जात, तो चौथा पक्ष न्यायालयात नव्हता.

६. तलाव आणि रान : निर्मूलनानंतर

सामायिक तलाव शासनाकडे गेले. कागदोपत्री त्यांचे नाव 'माजी मालगुजारी तलाव' असे झाले, आणि लोकांनी त्याची आद्याक्षरे घेऊन 'मामा तलाव' असे आपुलकीचे रूप केले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव गणले जातात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लहान तलावांचे व्यवस्थापन त्यांच्याकडे आले.

येथे निर्मूलनाचा एक अनपेक्षित परिणाम दिसतो. मालगुजार गेला, त्याबरोबर पावसाळ्यापूर्वी पाळ आणि सांडवा पाहणारा माणूसही गेला. वेठ गेली हे इष्टच झाले. परंतु वेठीच्या जोखडाखाली जे सामुदायिक काम होई, त्याला स्वेच्छेचे आणि मोबदल्याचे नवे रूप कोणी दिले नाही. गाळ साचला, पाळी खचल्या, बुडीत क्षेत्रावर अतिक्रमणे झाली. रयतेच्या दृष्टीने तलाव पूर्वी मालकाचा होता, आता सरकारचा झाला. तो गावाचा असा कधी झालाच नाही. मालक बदलणे आणि मालकीचे स्वरूप बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

रानाच्या बाबतीत तर परिणाम अधिक खोल झाला. जमीनदारी वने शासनाकडे आल्यावर निस्ताराची नोंद 'निस्तारपत्रका'त करण्याची तरतूद झाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या १६१ व्या व त्यापुढील कलमांत ती आजही आहे. परंतु वनांचा दर्जा जसजसा संरक्षित आणि पुढे राखीव असा कडक होत गेला, तसतसा निस्तार आक्रसत गेला. बल्लारपूरच्या कागद गिरणीस करारावर बांबू मिळू लागला, आणि घराच्या कुडासाठी बांबू आणणाऱ्या माणसास मात्र परवानगी मागावी लागू लागली. जमीनदाराच्या काळात वापर हा वेठीच्या बदल्यात मिळे; आता वेठ नव्हती, पण वापर हा सवलतीच्या स्वरूपात उरला. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो.

हा प्रश्न कायद्याच्या भाषेत प्रथमच सरळ विचारला गेला तो २००६ च्या वनहक्क कायद्यात. या कायद्याने सामूहिक वनसंपत्तीवर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर असा सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा आरंभीच्या गावांत त्याची गणना होते. तरीही बांबू तोडून विकण्याचा वाहतूक परवाना प्रत्यक्ष हाती पडण्यास २०११ चा एप्रिल उजाडावा लागला. हक्काची नोंद आणि हक्काचा वापर यांतील हे अंतर या मुलखाच्या इतिहासाशी सुसंगतच आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून जो निष्कर्ष निघतो, तो असा. चांद्याच्या मुलखात सुधारणा झाल्या नाहीत, अथवा त्या सर्व निष्फळ ठरल्या, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. कुळास स्थैर्य मिळाले, वेठीचा कायदेशीर आधार गेला, जमीनदारी संपली. परंतु १८६०-७० च्या दशकातील जमाबंदी आणि १९५१ चे निर्मूलन ही परस्परविरुद्ध वाटणारी दोन पावले एकाच विचारपद्धतीची होती. पहिल्याने मालकी खाजगी व्यक्तीस दिली, दुसऱ्याने ती राज्यास दिली. वापर करणारे गाव दोन्ही वेळा तिसऱ्या स्थानी राहिले.

पदव्युत्तर अभ्यासकांसाठी येथे कामाचे मोठे क्षेत्र मोकळे आहे. एखादे धानपट्ट्यातील गाव घेऊन त्याची जमाबंदीची मिसल, वाजिब-उल-अर्ज, १९५१ नंतरचे निस्तारपत्रक आणि २००६ नंतरचा सामूहिक हक्काचा दावा ही चार कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर कोणता वापर कोणत्या टप्प्यावर नोंदीतून गळाला आणि कोणता पुन्हा परत आला हे ओळीओळीने दाखविता येईल. तलावाच्या बाबतीत पाण्याच्या पाळीचे जुने रिवाज व आजचे प्रत्यक्ष वाटप यांची तुलना करता येईल. अशा अभ्यासाचा उपयोग केवळ इतिहासापुरता नाही. ग्रामसभेपुढे जो दावा आज लिहिला जात आहे, त्याचा पुरावा याच कागदांत आहे.